शिक्षणातील समता आणि आपले वेगळेपण



मूल शाळेत घालताना प्रत्येक आईबापाला दोन गोष्टी हव्या असतात. आपल्या मुलाला इतरांच्या बरोबरीने शिकता यावे, ही पहिली. शिकताना त्याने आपले घर, आपली भाषा, आपला धम्म यांची लाज बाळगू नये, ही दुसरी. पहिलीला आपण समता म्हणतो, दुसरीला सांस्कृतिक विविधता. वरवर पाहता या दोन्ही एकत्र सुखाने नांदतील असे वाटते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा एक मिळविण्यासाठी दुसरी सोडावी लागली आहे, आणि याचा अनुभव आपल्या समाजाइतका क्वचितच कोणी घेतला असेल. म्हणून या प्रश्नाचा येथे थोडा विचार करू.

दाखल्यावरचा रकाना

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर शाळेच्या दाखल्यावर धर्म कोणता लिहायचा, असा पेच घरोघरी उभा राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रामुख्याने हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये तो शीख धर्मीयांना लागू झाला. बौद्धांना तो मिळायला १९९० साल उजाडले. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीत बौद्धांना सवलती दिल्या हे खरे. पण केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतील राखीव जागांचे दार बंदच होते.

याचा अर्थ काय झाला? ज्याने ‘बौद्ध’ असे अभिमानाने लिहिले, त्याच्या हातून केंद्रातील संधी गेली. ज्याने संधीसाठी जुनीच नोंद ठेवली, त्याच्या मनाला ती आयुष्यभर टोचत राहिली. खरे पाहता धर्म बदलल्याने कोणाची गरिबी एका रात्रीत संपत नाही आणि गावची वागणूकही बदलत नाही. मग हक्क तेवढा का संपावा? १९९० च्या दुरुस्तीने हा अन्याय दूर केला. पुढे १९९३ मध्ये केंद्र सरकारने बौद्धांना राष्ट्रीय अल्पसंख्याक समाजांतही समाविष्ट केले. वेगळेपण जपण्यासाठी समतेची किंमत मोजावी लागू नये, हा धडा आपण या चौतीस वर्षांच्या प्रतीक्षेतून शिकलो.

तीन थोर प्रयोग

हा मेळ कसा घालावा याची उत्तरे महाराष्ट्रातील कर्त्या पुरुषांनी प्रत्यक्ष कृतीतून शोधली आहेत.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उघडण्यास उत्तेजन दिले. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा अनेक समाजांच्या मुलांना शहरात राहून शिकण्याची सोय झाली. त्या काळी खेड्यातल्या मुलाला शहरात जेवणाखाण्याची व निवाऱ्याची सोय होत नसे. आपल्या समाजाचे वसतिगृह म्हटले की आईबाप विश्वासाने मूल पाठवीत. वसतिगृहे समाजवार असली तरी महाराजांचे ध्येय समतेचेच होते. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसविण्याचा हुकूम काढला. राहण्याची सोय समाजवार, पण वर्ग सर्वांचा एकच, अशी ही रीत होती.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी दुसरी वाट धरली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, एकत्र काम करीत आणि एका पंक्तीला जेवत. समतेचे शिक्षण त्यांना पुस्तकाआधी पंक्तीत मिळाले.

बाबासाहेबांनी या दोन्ही वाटांचे मर्म एकत्र आणले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तर १९५० मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत जे महाविद्यालय निघाले ते पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झाले. नावे बौद्ध संस्कृतीतून घेतली, परिसराला नागसेनवन म्हटले, पण दार सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना उघडे ठेवले. आपली ओळख आणि सर्वांना प्रवेश या दोन गोष्टी एकाच इमारतीत राहू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

भाषेचा प्रश्न

विविधतेचा सर्वांत नाजूक भाग भाषेचा आहे. मेळघाटातील मूल घरी कोरकू बोलते आणि पहिलीत एकदम प्रमाण मराठीला सामोरे जाते. शिक्षकाचे बोलणेच न कळल्यामुळे ते गप्प बसते, आणि आपण त्याला ‘मंद’ ठरवितो. येथे वर्ग, पुस्तक आणि परीक्षा सर्वांना सारखी आहे, तरीही न्याय झालेला नाही. म्हणूनच १९५६ मध्ये संविधानात ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते.

हा विचार आपल्याला नवा नाही. बुद्धवचन वैदिक छंदाच्या भाषेत बसवावे अशी विनंती दोन ब्राह्मण भिक्खूंनी केली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली व ते ‘स्वतःच्या भाषेत’ शिकण्याची अनुज्ञा दिली, असे विनयपिटकात आहे. आचार्य बुद्धघोषांनी येथे बुद्धांची मागधी भाषा असा अर्थ घेतला, तर अनेक आधुनिक अभ्यासक शिकणाऱ्याची बोली असा घेतात. अर्थ कोणताही घेतला तरी ज्ञान मूठभरांच्या भाषेत कोंडू नये, हा बोध राहतोच. त्याच संघात शाक्य राजपुत्रांनी आपला अभिमान गळावा म्हणून उपाली न्हाव्याला आपल्याआधी दीक्षा देण्याची विनंती केली. भाषा ज्याची त्याला, पण प्रतिष्ठा सर्वांना सारखी, असा हा मेळ आहे.

आजची ओढाताण

संविधानाचे १५ (४) हे कलम मागास वर्गांसाठी विशेष तरतुदींना परवानगी देते, तर २९ व ३० ही कलमे अल्पसंख्याकांना संस्कृती जपण्याचा आणि संस्था चालविण्याचा हक्क देतात. या दोहोंत कधी कधी ओढाताण होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पहिल्या वर्गाच्या किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. परंतु २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे मत दिले.

आपण तर दोन्ही बाजूंचे आहोत. गरीब मुलाची जागा आपल्याला हवी आणि अल्पसंख्याक म्हणून आपली संस्थाही हवी. अशा वेळी आपली कसोटी साधी असावी. संस्थेचे वेगळेपण दुबळ्या मुलाला आत घेण्यासाठी वापरले जात असेल तर ते जपावे. त्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरले जात असेल तर त्यास संस्कृतिरक्षण म्हणू नये. ही कसोटी इतरांना लावण्याआधी आपल्या स्वतःच्या संस्थांना लावली पाहिजे.

आपण काय करावे?

सभासदांनी आपल्या वस्तीतील एकही मूल शाळेबाहेर राहू नये, शिष्यवृत्तीचे अर्ज व जातीचे दाखले वेळेवर व्हावेत, एवढे पाहिले तरी मोठे काम होईल. अभ्यासिकेचे दार शेजारच्या कोणत्याही जातिधर्माच्या मुलाला उघडे असावे. विद्यार्थ्यांनी इंग्रजी व विज्ञान जिद्दीने शिकावे, पण पालीकडेही पाठ फिरवू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला आहे. तो कागदावर राहील की वर्गात उतरेल, हे शेवटी किती विद्यार्थी तो विषय घेतात यावर ठरेल.

आपल्या वाडवडिलांना दाखल्याच्या एका रकान्यात हक्क आणि ओळख यांतून एकाचीच निवड करावी लागली. पुढच्या पिढीतील कोणत्याही मुलावर, मग ते आपले असो की मेळघाटातले, ती वेळ येऊ नये, यासाठी झटणे हे आपले कर्तव्य आहे.

जयभीम!