स्थिर व्याजाचे गृहकर्ज आणि मुदतपूर्व मुक्ती

घर गहाण ठेवून कर्ज काढणाऱ्याच्या दृष्टीने ऋणमुक्ती ही सर्वस्वी इष्ट गोष्ट होय, अशी लोकांची समजूत आहे. गहाण सुटले की कुटुंब निश्चिंत झाले, असा तिचा आशय. परंतु स्थिर व्याजदराच्या कर्जातून मुदतीपूर्वी बाहेर पडणे नेहमीच हिताचे असते असे नाही. या प्रश्नाला कायद्याचे एक अंग आहे व हिशेबाचे दुसरे. दोहोंचा विचार निरनिराळा करणे अवश्य आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ६० अन्वये गहाण सोडवून घेण्याचा हक्क ऋणकोस मिळतो, तो मुद्दल देय झाल्यानंतर. करारात तशी सोय नसेल तर मुदतीपूर्वी रक्कम पुढे करून गहाणमुक्ती मागण्याचा सर्वसाधारण हक्क त्यास नाही. गंगाधर विरुद्ध शंकरलाल या १९५८ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ८५ वर्षांची मुदतदेखील केवळ दीर्घ म्हणून अवैध ठरविली नाही. तात्पर्य, मुदतपूर्व फेड हा मूलतः कराराचा विषय आहे.

या करारस्वातंत्र्यास रिझर्व्ह बँकेने पुढे मर्यादा घातल्या. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेण्यास बँकांना २०१२ मध्ये मनाई करण्यात आली. जुलै २०२५ च्या निर्देशांनी, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या वा नूतनीकरण होणाऱ्या बदलत्या दराच्या कर्जांसाठी, व्यक्तींच्या व्यवसायेतर कर्जांना हे संरक्षण अधिक व्यापक स्वरूपात दिले. स्थिर दराच्या कर्जास मात्र अशी सरसकट मुभा नाही. म्हणून मंजुरीपत्र व करारनामा वाचणे ही पहिली पायरी होय.

हा भेद निष्कारण नाही. स्थिर दर म्हणजे दरवाढीविरुद्ध ऋणकोने घेतलेला एक प्रकारचा विमा होय. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला, तेव्हा या विम्याचे मोल प्रत्ययास आले. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये तोच दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर उतरला, तेव्हा चढ्या दरात अडकलेल्या ऋणकोंपुढे बाहेर पडण्याचा प्रश्न उभा राहिला.

आता हिशेबाकडे वळू. खामगाव येथील एका पगारदार शिक्षकाचे उदाहरण कल्पिले, तर त्याचे शिल्लक मुद्दल २० लाख रुपये, स्थिर दर १०.५ टक्के व उरलेली मुदत १२ वर्षे आहे असे समजावे. मासिक हप्ता सुमारे २४,४८३ रुपये येतो. दुसरी संस्था तितक्याच मुदतीसाठी ९ टक्क्यांनी कर्ज देत असल्यास हप्ता २२,७६१ रुपये होतो. दरमहा १,७२२ रुपयांची बचत १४४ महिन्यांत २ लाख ४८ हजारांच्या घरात जाते. परंतु ही बेरीज फसवी आहे. बाराव्या वर्षी वाचणारा रुपया आजच्या रुपयाच्या तोलाचा नसतो. ९ टक्के दराने काढलेले या बचतीचे वर्तमान मूल्य सुमारे १ लाख ५१ हजार रुपये भरते.

त्यातून खर्च वजा करावयाचा. मुदतपूर्व फेडीचा आकार २ टक्के, म्हणजे ४०,००० रुपये, आणि नव्या कर्जाची प्रक्रिया, मूल्यांकन, मुद्रांक व नोंदणी यांसाठी २५,००० रुपये धरले, तर निव्वळ लाभ ८६,००० रुपयांच्या आसपास उरतो. व्याज जमेस धरता हा ६५,००० रुपयांचा खर्च भरून निघण्यास सुमारे ४५ महिने लागतात. त्यापूर्वी बदली होऊन घर विकावे लागल्यास व्यवहार तोट्याचा ठरू शकेल.

मुद्दल व दर तेच ठेवून उरलेली मुदत ३ वर्षे धरली, तर बचतीचे वर्तमान मूल्य सुमारे ४४,००० रुपयेच येते व स्थलांतर आतबट्ट्याचे ठरते. दरांमधील अंतर तेच असूनही निष्कर्ष उलटा होतो. यावरून केवळ दराची तुलना किती अपुरी आहे हे ध्यानात येईल.

आणखी एक भ्रम टाळला पाहिजे. नवे कर्ज १२ ऐवजी २० वर्षांचे घेतल्यास हप्ता १७,९९५ रुपयांवर उतरतो व ऋणको हायसे वाटून घेतो. परंतु हप्त्यांची एकूण बेरीज जुन्या कर्जापेक्षा सुमारे ७ लाख ९३ हजारांनी वाढते. दर उतरला, पण ऋण लांबले.

स्वतःच्या पैशातून फेड करणाऱ्याचा प्रश्न किंचित निराळा आहे. कपाशी वा सोयाबीन विकून हाती आलेली रक्कम कर्जात भरली तर कर्जाच्या दराइतका लाभ निश्चित मिळतो. ठेवीवरील व्याजातून प्राप्तिकर वजा करून त्याच्याशी तुलना करावी. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर २ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत ती नाही. हा भेदही हिशेबात धरावा. मात्र कोरडवाहू शेतीवर अवलंबून असणाऱ्या कुटुंबाने पुढील हंगामाची बेगमी व आजारपणाची तरतूद यांस हात लावू नये. कर्जात भरलेला पैसा गरजेच्या वेळी त्याच दराने परत मिळेलच असे नाही.

सारांश, शिल्लक मुद्दल, उरलेली मुदत, दरांतील अंतर, बाहेर पडण्याचा खर्च व घरात राहण्याचा संभाव्य काळ या पाच गोष्टी एकत्र मांडल्याखेरीज निर्णय घेणे योग्य नव्हे. गहाणमुक्तीचे समाधान मोलाचे खरे. त्याची किंमत मात्र आधी मोजलेली असावी.