ओळख सगळ्यांशी, उधारी मोजक्यांशी

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा धंदा आहे आणि तो बराचसा गाळ्या-गाळ्यांत वाटलेला आहे. एका गाळ्यात पत्र्यातून सर्कल कापतात, दुसऱ्यात प्रेसवर त्याचं पातेलं किंवा डबा होतो, तिसऱ्यात बफवर पॉलिश. माल टेम्पोतून गल्लीतल्या गल्लीत फिरतो आणि त्याच्यामागे उधारीही फिरते. मुंबईच्या तांबाकाटा बाजारातल्या भांड्यांच्या व्यापाऱ्याने पैसे लांबवले की प्रेसवाला पॉलिशवाल्याला थांबवतो आणि पॉलिशवाला कारागिराला. त्यामुळे नव्या गिऱ्हाइकाबद्दल पहिला प्रश्न ठरलेला: 'पार्टी कशी आहे?' धंद्यात माणसं निवडून जोडण्याबद्दलचे बरेचसे गैरसमज या प्रश्नापुढे टिकत नाहीत.

गैरसमज: निवडक राहायचं म्हणजे ओळखी कमी करायच्या.

वस्तुस्थिती उलटी आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिलं की नवी माहिती बहुधा जेमतेम ओळखीच्या माणसाकडून येते. जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच. २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडल्या त्या बेताच्या सैल ओळखी. फार घट्ट नव्हेत आणि अगदी नावापुरत्याही नव्हेत. हा अभ्यास नोकऱ्यांचा आहे, ऑर्डरींचा नाही, हे मान्य. पण रोज लोकलच्या त्याच डब्यात उभं राहून चर्चगेट गाठणाऱ्या भाईंदरकरांना यात नवल वाटू नये. नमस्कार सगळ्यांना करावा. हात आखडायचा तो तीन ठिकाणी: उधारी, सही आणि शिफारस.

गैरसमज: बिझनेस ग्रुपची फी भरली की कामं सुरू होतात.

एकमेकांना कामं सुचवणाऱ्या उद्योजकांचा 'बीएनआय' हा गट अमेरिकेत १९८५ साली सुरू झाला. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी २००० साली सॅटरडे क्लब काढला. अशा गटांचा उपयोग होतो, पण सगळ्यांना सारखा नाही. सीए, केटरर, इंटिरियरवाला यांचं गिऱ्हाईक घरोघर पसरलेलं असतं, त्यांना दहा नवे चेहरे भेटणं फायद्याचं. पॉलिशवाल्याचं गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे प्रेसवाले. त्याने सकाळची मीटिंग सोडून त्यांच्याकडे चहाला गेलेलं बरं. आणि गटात शिफारशींचा आकडा भरायचा म्हणून न पारखलेल्या माणसाची शिफारस करणं, हे तर माझ्या मते उधारीपेक्षा महाग पडतं. काम त्याचं बिघडतं, नाव आपलं जातं.

गैरसमज: ओळखीच्या माणसाशी लिखापढी कशाला?

सगळ्यात जास्त पैसा इथेच अडकतो, म्हणून जरा थांबून पाहू. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार, काही लेखी ठरलेलं नसेल तर माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागतं. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून प्राप्तिकराचाही चिमटा आहे: सूक्ष्म वा लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर माल घेणाऱ्याला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते. जॉबवर्क करणारा, सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी केलेला पॉलिशवाला या संरक्षणात येतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र उद्यम नोंदणी असूनही हा आधार मिळत नाही, हे अनेकांना माहीत नसतं.

पार्टी पारखायलाही आता चहाच्या टपरीवरच्या गप्पा पुरेशा नाहीत. जीएसटीच्या पोर्टलवर समोरच्याचा क्रमांक टाकला की नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, रिटर्न भरली आहेत का, हे दिसतं. पुरवठादाराने रिटर्न भरलं नाही तर आपलं इनपुट क्रेडिट अडकतं. माणूस कितीही गोड असला तरी.

गैरसमज: 'फक्त एक सही तर हवी आहे.'

१८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी, वेगळं काही ठरलं नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागायला हवं असं बंधन नाही. भागीदारीतही तेच. १९३२ च्या कायद्यानुसार फर्मच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार व्यक्तिशः जबाबदार. गाववाला, साडू, सोसायटीचा सेक्रेटरी, कोणीही असो, एवढं ओझं घेण्याइतका तो जवळचा आहे का, ते सहीआधी ठरवावं.

राहिला शेवटचा समज, की नाही म्हटलं की संबंध तुटतो. 'माल देतो शेठ, पण या वेळी रोखीने' एवढ्यावरून जो तुटला, त्याला उधारीच हवी होती.

हे वाचून एकच काम करायचं असेल तर उद्यम नोंदणी करून तिचा क्रमांक बिलावर छापून घ्या. सरकारी पोर्टलवर ती पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारची नाहीत.