न पाहिलेल्या दरबाराचे चित्र

नाना फडणवीसांचा चेहरा आपण सहज ओळखतो. किडकिडीत अंगकाठी, लांबट नाक, डोक्यावर पगडी. शाळेच्या पुस्तकातून माझ्या मनात बसलेल्या या रूपाचा माग काढत गेलो, तेव्हा तो जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारापाशी पोहोचला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. पण वेल्सही बराचसा स्वयंशिक्षितच होता, हे वाचून जरा धीर आला.

वेल्स १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढल्या वर्षी इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पेशव्यांच्या दरबारी आला. सवाई माधवराव आणि नाना यांना समोर बसवून त्याने काढलेले १७९२ चे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. शनिवारवाड्यात त्याच्या देखरेखीखाली चित्रशाळाही सुरू झाली. तिथे तयार झालेल्या गंगाराम तांबटाने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. हा गंगाराम स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मला अडवते ते दुसरे चित्र. टिपूविरुद्धचा तह १७९० मध्ये झाला. भर दरबारात मॅलेट तो पेशव्यांशी करत आहे, असा प्रसंग मॅलेटला मोठ्या पटावर हवा होता. वेल्सने त्यासाठी माणसांचे चेहरे एकेक करून टिपले. मात्र ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले, आणि त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच लेण्यांची चित्रे काढता काढता तापाने वेल्सही गेला. वेल्सची मुलगी सुझॅना पुढे मॅलेटची पत्नी झाली. चित्र अखेर थॉमस डॅनियलने वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून १८०५ मध्ये पुरे केले.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. तह झाला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात नव्हता. डॅनियल तर पुण्याच्या दरबारात कधीच आला नाही. म्हणजे या प्रसंगाचा एकही साक्षीदार कुंचल्यामागे नाही. १७७४ मध्ये जन्मलेले सवाई माधवराव तहाच्या वेळी सोळा वर्षांचे होते; वेल्ससमोर बसले ते अठराच्या घरातले. त्या वयात दोन वर्षांत चेहरा किती पालटतो, हे घरात मुले वाढवलेल्यांना सांगायला नको.

मग हे चित्र खोटे म्हणायचे का? दरबार म्हणून मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. कोण कुठे बसले, कोणाची नजर कुणाकडे होती, ही मांडणी चित्रकाराची, आणि पैसे मोजणाऱ्याच्या मनाजोगती. मॅलेटला आपल्या कर्तबगारीचे स्मारक हवे होते. आपल्याकडे मात्र काही जण हे चित्र दरबारातील आसनव्यवस्थेचा पुरावा म्हणून पुढे करतात. ते मला पटत नाही.

चेहऱ्यांचे तसे नाही. ते समोर बसलेल्या माणसांवरून घेतले आहेत. व्यक्तिचित्रात बसणाराही काही ठरवत असतो: कोणती पगडी, कोणते दागिने, पाठ किती ताठ. नानांनी परक्या माणसासमोर किती मोकळे व्हायचे, हे नानांनीच ठरवले असणार. ते मिटलेले ओठ मला वेल्सचे कमी आणि नानांचे जास्त वाटतात.

राहिले सवाई माधवराव. पुढच्या दुर्घटनेची छाया आपण त्यांच्या चेहऱ्यावर शोधू लागतो. मीही कित्येकदा शोधली. पण ती आपण मागाहून नेलेली असते. चित्रासाठी बसले त्या दिवशी समोर होता तो दागिन्यांनी मढलेला, कदाचित बसून कंटाळलेला, अठरा वर्षांचा एक मुलगा.