भरतीच्या वेळेला धक्क्यावर

मालवणच्या धक्क्यावर पाहुणे येतात ते सिंधुदुर्गाच्या होडीसाठी. किल्ला बघून परतताना मात्र कडेला गरवत बसलेल्यांपाशी पाय रेंगाळतात. एवढं काय, दोरा टाकायचा आणि बसायचं, असं वाटतं. मलाही तसंच वाटून मी बसलो.

आधी वेळ जुळवावी लागते, आणि ती सुट्टीच्या बेताप्रमाणे जुळत नाही. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. गावागणिक थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला तेवढं पुरतं. चढत्या पाण्याबरोबर मासा धक्क्याच्या खांबांपाशी चरायला येतो, म्हणून भरतीचे शेवटचे दोन तास धरायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला इतकी ओढ असते की हलकं शिसं तळाला ठरत नाही. अष्टमीच्या सुमारास, भांगाला, पाणी संथ असतं. नवख्याने तेव्हाच शिकावं.

सामान खिशात मावेल एवढं: रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, दोन-तीन गऱ्या म्हणजे गळ, वजनाला शिसं. तळ खडकाळ असेल तर शिशाऐवजी गंजका नट बांधतात. अडकून तुटला तरी जीव हळहळत नाही. वजन अगदी टोकाला आणि गरी त्याच्या वीतभर वर, म्हणजे ती खडकात कमी रुतते.

आमिषाला कोळंबी. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी तिचं डोकं मोडलं, साल काढली आणि बोटाच्या पेराएवढा तुकडा घेतला. गरीचं टोक शेपटीकडून आत घालून त्यांनी तो गरीच्या वळणावरून सरकवत नेला आणि टोक मांसातच लपवलं. मी नुसता टोचलेला तुकडा पाण्यावर आपटताच निसटायचा. त्यांचा जागचा हलतही नव्हता.

पाहुण्याची सगळी हौस लांब फेकण्यात. आजोबांनी मात्र गरी पायाखालीच, खांबाच्या सावलीत सोडली. खांबांना कालवं चिकटलेली असतात, फटींत खेकडे असतात, त्यांच्या मागे मासा असतो. पण कालवांच्या धारेवर घासला की तंगूस तुटतो, म्हणून खांबापासून हातभर अंतर राखायचं.

मग सगळी भिस्त बोटावर. वजन तळाला टेकलं की तंगूस जेमतेम ताणून तर्जनीवरून घ्यायचा. लाटेची ओढ सावकाश येते आणि सावकाश सुटते. बारके मासे टुकटुक करत आमिष कुरतडतात. खेकडा जड, आळशी ओढत नेतो. तांबोशी लागली तर दाणकन हिसका बसतो आणि ती सरळ खडकाकडे पळते. पहिल्या टुकटुकीलाच मी हिसडा मारला तेव्हा आजोबा पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, ‘‘घाई करू नको. तेका खावक दी, मगे ओढ.’’ टुकटुक थांबून दोरा सलग जाऊ लागला की मनगटाने एकच झटका द्यायचा आणि हात न थांबवता ओढून घ्यायचं. ढील पडली की मासा सुटला.

वर आलेल्या प्रत्येक माशाला हात लावायचा नसतो. शेंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक करवतीसारखा विषारी काटा असतो. गरीतून हा मासा पक्कडीनेच सोडवावा. काटा लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की कळ उतरते, मग डॉक्टर गाठावा. पोट फुगवणारा केंड मुलांना गंमत वाटतो, पण त्याचं विष शिजवूनही जात नाही. तो पाण्यात परत. बोटभर पिल्लंही परत. तुटलेला तंगूस मात्र पाण्यात टाकायचा नाही, तो पक्ष्यांच्या आणि कासवांच्या पायांत अडकतो.

पावसाळ्यात हा नाद नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, गरीला नसते. पण शेवाळलेल्या धक्क्यावर खवळलेला समुद्र कुणाचं वय बघत नाही.

पहिल्या संध्याकाळी पिशवीत जे पडेल ते, ज्या घरी उतरलो असू तिथल्या काकू तळून देतात. दुसऱ्या दिवशी भरती पाऊण तास उशिरा येते, तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ काकूंना सकाळीच सांगून ठेवावी.