सरोवराचा कांठ कोणाचा?

सामायिक अंगणांत भिंत कोठें घालावी यावरून भावाभावांत वितुष्ट आल्याचीं उदाहरणें आपल्याकडे थोडीं नाहींत. पण त्या अंगणाची कडच जर दर सहा महिन्यांनीं मागेंपुढें सरकत असेल, तर? धरणाच्या जलाशयाकांठीं घर बांधणाराला हा प्रश्न नित्याचा असतो. परदेशीं राहणाऱ्या मुलांकडून कधीं कधीं अशा घराचें छायाचित्र येतें. मागें निळें पाणी, पुढें हिरवळ आणि पाण्यावर लाकडी धक्का. पाहणाराला क्षणभर हेवा वाटावा असेंच तें दृश्य असतें. मात्र त्या हिरवळीचा शेवटचा पट्टा पुष्कळदां घरमालकाचा नसतो, आणि पाणी उतरवावें कीं चढवावें हें तर त्याच्या हातीं मुळींच नसतें, ही गोष्ट चित्रांत दिसत नाहीं.

अमेरिकेंतील टेनेसी नदीच्या खोऱ्याचें उदाहरण या बाबतींत फार बोधप्रद आहे. तेथें १९३३ सालीं कायद्यानें ‘टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी’ ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिनें बांधलेलें पहिलें धरण म्हणजे क्लिंच नदीवरील नॉरिस. तें १९३६ सालीं पुरें झालें. त्यासाठीं सुमारें २,९०० कुटुंबांना आपलीं घरेंदारें सोडावीं लागलीं. लॉइस्टन नांवाचें गांव पाण्याखालीं गेलें. हीं कुटुंबें उठलीं तीं पूर आवरावा, वीज मिळावी, नदींतून नौका चालाव्या म्हणून. कोणाच्या बंगल्यापुढें तळें व्हावें म्हणून नव्हे. याच कारणास्तव कायद्याच्या २६-अ कलमान्वयें धक्का असो वा भिंत असो, या नद्यांच्या कांठीं कोणतेंही बांधकाम संस्थेच्या संमतीवांचून करतां येत नाहीं.

आतां पाण्याची रीत पाहूं. नॉरिसच्या जलाशयांत उन्हाळ्यांतील व हिंवाळ्यांतील पातळींत साधारण वर्षीं सुमारें २९ फुटांचें अंतर पडतें. तिकडे पुराचें भय हिंवाळ्यांत व वसंताच्या आरंभीं. म्हणून त्यापूर्वीं जलाशय मुद्दाम उतरवून येणाऱ्या पाण्यास जागा करून ठेवितात. आपल्या पूर्वजांनीं नदीला घाट बांधले. पाणी चढो वा उतरो, कोणती तरी पायरी पाण्याला लागलेलीच असते. तेथें तें काम तरता धक्का करितो. तो पाण्याबरोबर वर येतो व खालीं जातो.

परंतु त्यालाही मर्यादा आहेत. घरगुती धक्का सामान्यतः १,००० चौरस फुटांहून मोठा नसावा. तो किनाऱ्यापासून १५० फुटांपलीकडे, किंवा समोरच्या तीरापर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांशापलीकडे जाऊं नये. यांतील जें अंतर कमी, तें ग्राह्य. त्यावर बिऱ्हाड थाटूं नये, शौचकूप बांधूं नये. धक्का तरंगविणारा कृत्रिम फेंस उघडा असल्यास त्याचे कण सुटून पाण्यांत पसरतात. म्हणून तो पक्क्या आवरणांत बंद असावा लागतो.

खरा तंटा भिंतीचा. लाटांनीं कांठ ढांसळूं लागला कीं आपली माती वांचविण्यासाठीं उभी भिंत घालावी, असें कोणालाही वाटेल. पण उतरत्या किनाऱ्यावर लाट हळूहळू विरते; उभ्या भिंतीवर ती आदळून परत फिरते आणि भिंतीच्या पायथ्याचीच माती उकरते. भिंत जेथें संपते तेथें हा मारा शेजाऱ्याच्या उघड्या कांठावर होतो. शिवाय जलाशय उतरला म्हणजे पुढचा पाण्याचा आधार नाहींसा होतो, पण मागची माती भिजलेलीच असते. तिचा भार भिंत बाहेर ढकलतो. म्हणून अशा भिंतीच्या मागें खडी भरतात आणि पाणी निथरून जाण्यासाठीं तिच्यांत भोकें ठेवितात. हें न केल्यास चांगली जाड भिंतही कलते.

याच अनुभवावरून या संस्थेचा नियम असा कीं, कांठ सांवरण्यास प्रथम दगडांची उतरती पिचिंग करावी व झाडेंझुडपें लावावीं. भिंतीस संमति मिळते ती धूप फार तीव्र असून दुसरा उपाय तितका परिणामकारक नसेल, किंवा पूर्वींच्या मान्य भिंतीस ती जोडावयाची असेल तरच. तिच्या पायथ्याशींही दगड टाकावे लागतात. जुने रबरी टायर, डांबर किंवा रेल्वेचे जुने स्लीपर वापरण्यास मनाई आहे. आणि वाहून गेलेली जमीन पाण्यांत भर घालून परत मिळवितां येत नाहीं. घरमालकाला हा नियम कठोर वाटतो. परंतु जलाशयांत टाकलेली प्रत्येक घमेलेंभर माती पुराची तेवढी जागा अडविते.

नियम सैल राहिले म्हणजे काय होतें, हेंही तेथेंच दिसलें. या जलाशयांवर तरतीं घरें वाढत जाऊन त्यांची संख्या सुमारें १,८०० झाली. २०१६ सालच्या मे महिन्यांत तीं सर्व २० वर्षांत हलविण्याचा ठराव झाला. मालकांनीं आकांत केला, कारण कित्येकांची आयुष्याची पुंजी त्यांत होती. अखेर त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकन काँग्रेसनें ही मुदत ३० वर्षांची केली. मात्र नवीं घरें बंद. आरंभींच कोणी नको म्हटलें असतें, तर हें दुःख टळलें असतें.

टेनेसीच्याच धर्तीवर आपल्या देशांत १९४८ सालीं दामोदर खोऱ्याची योजना सुरू झाली, म्हणून हा धडा आपणांस अगदींच परका नाहीं. मुळशीच्या धरणासाठीं ज्यांच्या जमिनी जाणार होत्या, त्यांचा सत्याग्रह १९२१ सालीं सुरू झाला, हें आपण जाणतोंच. अशा पाण्याकांठीं ज्यांना घर बांधण्याची इच्छा असेल, त्यांनीं पाया खणण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: हें पाणी वर्षांत किती चढतें व किती उतरतें? आणि माझी भिंत लाटेला कोणाच्या दारीं पाठवील? एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना दुसऱ्या प्रश्नाचें महत्त्व सांगावयास नको. सामायिक विहिरीवर जशी आपण पाळी पाळतों, तशीच सामायिक कांठावर मर्यादा पाळावी लागते.