पाणी गेले, भाजी टिकली

चैत्र-वैशाखात आपल्या छत्रपती संभाजीनगरात ऊन कसे तापते, ते सांगायला नको. गच्चीवर, अंगणात कुरडया, पापड, सांडगे वाळत असतात. पण एखादे वाळवण वर्षभर टिकते आणि एखाद्याला डब्यात बुरशी येते. असे का? आम्ही घरीच एक प्रयोग केला. तुम्हीही करून बघा.

जाधववाडीच्या बाजारात टमाटे स्वस्त झाले होते. एक किलो आणले, धुऊन पुसले. अर्ध्यांच्या पातळ चकत्या केल्या, अर्ध्यांच्या जाड फोडी. दोन ताटांत वेगवेगळ्या पसरून उन्हात ठेवल्या. माशा आणि धूळ बसू नये म्हणून वर मलमलचे फडके बांधले. रात्री हवेतली ओल लागू नये म्हणून संध्याकाळी ताटे घरात घेतली.

तीन दिवसांनी चकत्या कडक झाल्या. फोडी वरून सुकल्या, आत मात्र ओल्याच. दोन्ही काचेच्या बरण्यांत भरून झाकणे घट्ट लावली. दोन दिवसांत फोडींच्या बरणीला आतून पाण्याचे थेंब दिसले. पुढे पांढरी बुरशी आली. चकत्यांची बरणी कोरडीच राहिली.

कारण सोपे आहे. टमाट्याच्या १०० भागांत सुमारे ९४ भाग पाणी असते. बुरशीला वाढायला पाणी लागते. पाणीच नाही, तर ती वाढणार कशी? पातळ चकतीतले पाणी लवकर बाहेर येते आणि वारा ते उडवून नेतो. म्हणून ऊन हवे, तसा वाराही हवा.

वाळवण साठवण्याआधी आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवावे. थेंब दिसले, तर लगेच काढून पुन्हा वाळवावे. बुरशी आलीच, तर सगळे फेकून द्यावे. काही बुरशी विषारी असतात. वरवर खरवडून त्यांचे विष जात नाही.

हेच ज्ञान आज कमाई देते. आपल्या भागात अनेक शेतकरी बायका उन्हावर चालणाऱ्या यंत्रांत कांदे-टमाटे वाळवून विकतात. ही यंत्रे देणाऱ्या ‘एस फोर एस’ कंपनीला २०२३ साली ‘अर्थशॉट’ हे जागतिक पारितोषिक मिळाले.

भाव पडला, की टमाटे उकिरड्यावर जातात. त्यातले चार किलो जरी वाळवले, तरी पावसाळ्यात आमटीला चव येईल. ऊन तर फुकटच आहे!