इंग्रजी वाङ्मयेतिहासातील कालविभाग : नावे आणि सीमारेषा

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासाचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले, तर प्रारंभीच कालखंडांचा एक तक्ता आढळतो. प्राचीन इंग्रजी, मध्य इंग्रजी, प्रबोधनकाल, एलिझाबेथकाल, राज्यपुनःस्थापनेचा काल, नवअभिजात काल, रोमँटिक काल, व्हिक्टोरियाकाल आणि आधुनिक काल अशी ही नावे एकाखाली एक येतात, आणि प्रत्येकापुढे आरंभाचे व अंताचे वर्ष दिलेले असते. विद्यार्थी हा तक्ता पाठ करतो. तो पाठ करण्यात गैर काहीच नाही. परंतु ही नावे एका जातीची नाहीत, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि त्यामुळे पुढे पुष्कळ गैरसमज निर्माण होतात. पहिली दोन नावे भाषेच्या अवस्थांची आहेत. एलिझाबेथ, राज्यपुनःस्थापना, व्हिक्टोरिया ही राज्यसत्तेशी निगडित आहेत. प्रबोधन, नवअभिजात, रोमँटिक ही विचारांची आणि अभिरुचीची नावे होत. म्हणजे एकाच तक्त्यात तीन निरनिराळी मापे वापरलेली आहेत. प्रत्येक मापाचा पुरावा वेगळा असतो आणि त्याची सीमारेषाही वेगळ्या प्रकारची असते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भाषेचे माप पाहू. इंग्रजीचे प्राचीन, मध्य आणि अर्वाचीन असे तीन विभाग एकोणिसाव्या शतकात हेन्री स्वीट ह्या भाषाशास्त्रज्ञाने शब्दांच्या अंत्य प्रत्ययांच्या आधारे स्पष्टपणे मांडले. प्राचीन अवस्थेत प्रत्यय पूर्ण असतात, मध्य अवस्थेत ते क्षीण होऊन एकसारखे होतात आणि अर्वाचीन अवस्थेत ते बहुतांशी लोपतात, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे. दगड या अर्थाचा प्राचीन इंग्रजी शब्द ‘स्तान’ हा होता. त्याची षष्ठी ‘स्तानेस’, चतुर्थी ‘स्ताने’, प्रथमेचे अनेकवचन ‘स्तानास’, तर चतुर्थीचे अनेकवचन ‘स्तानुम’ होते. मध्य इंग्रजीत ‘एस’ आणि ‘आस’ यांतील स्वरभेद नाहीसा झाला आणि षष्ठीचे एकवचन व प्रथमेचे अनेकवचन ही दोन रूपे एक झाली. आघात शब्दाच्या आरंभी असल्यामुळे अंत्य स्वर दुर्बल होत जाणे स्वाभाविकच होते.

पाठ्यपुस्तकात प्राचीन इंग्रजीची समाप्ती १०६६ या वर्षी, म्हणजे नॉर्मन विजयाच्या वेळी, दाखवलेली असते. परंतु कोणतीही भाषा एका लढाईने बदलत नाही. प्रत्ययांची झीज बोलण्यात आधीच सुरू झाली होती, आणि जुन्या वळणाचे लेखन विजयानंतरही मठांतून चालू राहिले. पीटरबरो येथील मठात इंग्रजीतून लिहिलेली बखर ११५४ पर्यंत येते, आणि तिच्या शेवटच्या नोंदींत ही झीज उघडपणे दिसते. नॉर्मन विजयाने इतकेच केले की, लेखनातील जुन्या प्रमाणभाषेमागील राजसत्तेचे आणि धर्मसत्तेचे पाठबळ काढून घेतले. मग जे बोलण्यात होते ते कागदावर उतरू लागले. तात्पर्य, १०६६ ही राजकीय इतिहासातील तारीख असून भाषेच्या इतिहासात ती केवळ सोयीसाठी वापरली जाते. पुढे १३६२ मध्ये न्यायालयांतील वादविवाद इंग्रजीतून व्हावेत असा कायदा झाला. हा कायदा फ्रेंच भाषेत लिहिलेला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भाषेच्या मापाकडे दुर्लक्ष केल्यास वाङ्मयाचे मूल्यमापनही कसे चुकते, याचे उत्तम उदाहरण चॉसर होय. चॉसर १४०० मध्ये निवर्तला. त्याच्या कवितेत अनेक शब्दांच्या शेवटी येणारा ‘ए’ उच्चारला जात असे आणि वृत्तात त्याचा एक अवयव धरला जाई. पुढे हा स्वर लोपला, मात्र लेखनात तो राहिला. १७०० मध्ये ड्रायडनने चॉसरची थोरवी मुक्तकंठाने मान्य केली, तरी त्याच्या पद्यरचनेला मात्र त्याने ओबडधोबड ठरवले, कारण तो ती आपल्या काळच्या उच्चाराप्रमाणे वाचीत होता. टॉमस टिरिट याने १७७५ पासून ‘कँटरबरी टेल्स’ची जी आवृत्ती प्रसिद्ध केली, तीत त्या अंत्य स्वराचा उलगडा केला आणि चॉसरची वृत्तशुद्धता सिद्ध झाली. मराठी वाचकाला हे समजणे कठीण नाही. ‘घर’ हा शब्द आपण एकावयवी उच्चारतो, पण गणवृत्तात त्यातील अंत्य ‘अ’ लघू म्हणून मोजला जातो. मोरोपंतांची आर्या कोणी बोलण्यातील उच्चाराप्रमाणे मोजू लागला तर तिच्या मात्रा कमी भरतील, आणि तो दोष मोरोपंतांचा नसेल.

येथेच आणखी एका गोंधळाचा उल्लेख केला पाहिजे. शेक्सपिअरची भाषा कठीण वाटते म्हणून तिला ‘जुनी इंग्रजी’ म्हणण्याची प्रथा विद्यार्थ्यांत आढळते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने शेक्सपिअरची इंग्रजी ही अर्वाचीन इंग्रजीची पूर्वावस्था होय, कारण या अवस्थेचा आरंभ सुमारे १५०० पासून मानला जातो. वाङ्मयेतिहासात मात्र ‘आधुनिक’ हे विशेषण विसाव्या शतकाला लावतात. एकाच अर्थाचे विशेषण दोन शास्त्रांत चार शतकांच्या अंतराने वापरले जाते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ घोटाळा टळतो.

आता राज्यसत्तेचे माप. हे माप वापरण्यास सर्वांत सोपे, कारण राज्यारोहणाची आणि मृत्यूची वर्षे निश्चित असतात. परंतु निश्चित वर्ष म्हणजे वाङ्मयातील खरी सीमारेषा नव्हे. एलिझाबेथ राणी १६०३ मध्ये वारली. ‘किंग लिअर’ आणि ‘मॅकबेथ’ ही नाटके त्यानंतरची, जेम्स राजाच्या कारकीर्दीतील आहेत. त्या वर्षी शेक्सपिअरच्या नाटकमंडळीला राजाश्रय मिळून तिचे नाव बदलले. नाटककार, नट आणि प्रेक्षक मात्र तेच राहिले. याउलट १६४२ हे वर्ष पाहा. पार्लमेंटच्या आज्ञेने नाट्यगृहे बंद झाली आणि १६६० पर्यंत ती रीतसर उघडली नाहीत. जुनी नटपरंपरा खंडित झाली, आणि पुनःस्थापनेनंतरच्या रंगभूमीवर स्त्रीभूमिका स्त्रिया करू लागल्या. येथे राजकीय घटनेने वाङ्मयप्रकाराची सामग्रीच बदलली, म्हणून ही सीमारेषा खरी आहे. मात्र ती नाटकापुरतीच खरी आहे. मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ १६६७ मध्ये, म्हणजे पुनःस्थापनेच्या ऐन काळात प्रसिद्ध झाले, आणि त्या काळाच्या दरबारी अभिरुचीशी त्याचे काडीमात्र नाते नाही.

अभिरुचीचे माप सर्वांत मोलाचे आणि सर्वांत निसरडे आहे, कारण ही नावे बहुधा नंतरच्या पिढ्यांनी दिलेली असतात. ‘प्रबोधन’ ही संज्ञा एका संपूर्ण युगाला लावण्याचा प्रघात मिशलेच्या १८५५ मधील आणि बुर्कहार्टच्या १८६० मधील ग्रंथांनी रूढ केला. वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज यांनी स्वतःला ‘रोमँटिक’ म्हणवून घेतले नव्हते. १७९८ मध्ये ‘लिरिकल बॅलड्‌स’ प्रसिद्ध झाले म्हणून त्या वर्षापासून रोमँटिक काल मोजतात, परंतु ब्लेकची ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ १७८९ मधील आहेत. जेन ऑस्टिन कालाने या युगात बसते, वृत्तीने बसत नाही. शिवाय लेखनाचा काल आणि प्रकाशनाचा काल एक नसतो. वर्ड्‌स्वर्थचे ‘द प्रेल्यूड’ १८०५ मध्ये पूर्ण रूपात सिद्ध होते, पण ते छापले गेले कवीच्या मृत्यूनंतर, १८५० मध्ये, व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीत. हॉपकिन्स १८८९ मध्ये वारला आणि त्याचा काव्यसंग्रह १९१८ मध्ये निघाला. जन्माने आणि शिक्षणाने व्हिक्टोरियाकालीन असलेला हा कवी वाचला गेला तो आधुनिकांच्या पिढीत.

याच विचाराने ‘बेओवुल्फ’चे स्थान तपासण्याजोगे आहे. हे महाकाव्य आज इंग्रजी वाङ्मयाच्या आरंभी ठेवतात. त्याचे एकमेव हस्तलिखित सुमारे इ. स. १००० मधील असून १७३१ च्या आगीत त्याला झळ पोहोचली. संपूर्ण काव्य प्रथम छापले गेले ते १८१५ मध्ये, थॉर्केलिनने कोपनहेगन येथे. अर्थात शेक्सपिअर, मिल्टन, पोप यांपैकी कोणाच्याही घडणीत या काव्याचा वाटा नव्हता. टॉमस वॉर्टनने १७७४ पासून इंग्रजी काव्याचा जो इतिहास प्रसिद्ध केला, त्यात त्याने अँग्लो-सॅक्सन काव्य वगळून नॉर्मन विजयानंतरच्या काळापासून आरंभ केला. तक्त्यातील क्रम हा भाषेच्या वंशाचा क्रम आहे. वाङ्मयीन प्रभावाचा क्रम त्याहून वेगळा असू शकतो.

मराठीच्या अभ्यासकाला या चर्चेचे महत्त्व दोन कारणांनी वाटावे. पहिले असे की, आपल्या वाङ्मयेतिहासातही मापांची अशीच सरमिसळ आहे. यादवकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन ही नावे राज्यसत्तेची, तर संतकाव्य आणि पंतकाव्य ही रचनाकारांच्या वर्गाची आहेत. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘यादवकालीन मराठी भाषा’ (१९४२) या ग्रंथाचे नाव राजवंशावरून आहे, पण त्याचे प्रतिपादन भाषेच्या अवस्थेविषयी आहे. दुसरे कारण तौलनिक अभ्यासाचे आहे. भाषेचे नाव आणि राजाचे नाव आपल्या भूमीबाहेर जाऊ शकत नाही, अभिरुचीचे नाव मात्र जाऊ शकते. केशवसुतांना (१८६६–१९०५) आपण रोमँटिक वृत्तीचे कवी म्हणतो, तेव्हा इंग्लंडात व्हिक्टोरियाकाल संपत आलेला असतो. वायट आणि सरे यांनी सोळाव्या शतकात इंग्रजीत आणलेले चौदा ओळींचे सुनीत केशवसुतांच्या हातून मराठीत आले ते १८९२ मध्ये. म्हणजे इंग्लंडातील दोन भिन्न युगांची देणगी मराठीत एकाच कवीच्या ठायी एकत्र आली. हे समजून न घेता इंग्रजी तक्त्यातील स्तंभ मराठीपुढे ठेवणे म्हणजे कार्यकारणसंबंधाऐवजी नावांची जुळवाजुळव करणे होय.

म्हणून प्रबंधासाठी विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याने शीर्षकात कालखंडाचे नाव घालण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. हे नाव कशाचे आहे : भाषेचे, राज्यसत्तेचे की अभिरुचीचे? ते कोणी आणि केव्हा दिले? निवडलेल्या सीमावर्षी त्या वाङ्मयप्रकारात प्रत्यक्ष काय बदलले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही, तर ते वर्ष केवळ सोयीचे आहे असे प्रस्तावनेत नमूद करावे. तेवढे केल्याने प्रबंधाचा पुढील पुष्कळ युक्तिवाद आपोआप नेमका होतो.